आठ काढला, लायसन्स मिळाले

नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यातल्या नवले पुलावर एक ट्रक उतारावरून सुसाट खाली आला आणि ४८ गाड्यांचा चुराडा झाला. पहिली बातमी नेहमीचीच होती : ब्रेक फेल. तपासात निराळेच निघाले. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडले की नवले पुलापर्यंत लांबलचक उतार आहे. डिझेल वाचावे म्हणून चालकाने त्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून इंजिन बंद केले होते, असे पोलिसांनी सांगितले. ब्रेकमध्ये बिघाड नव्हता.

उतारावर इंजिन बंद केले की काय होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. जड वाहनाचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा टाकीत भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर फिरतो. इंजिन थांबले की टाकीत उरली असेल तेवढीच हवा. चार-सहा वेळा ब्रेक दाबले की दाब उतरत जातो. गिअर काढल्यामुळे इंजिन गाडीला जे मागे ओढून धरते, तो आधारही जातो. सगळा भार लायनरवर येतो, लायनर तापतात आणि तापलेला ब्रेक धरत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हा जुन्या ड्रायव्हर लोकांचा धडा या सगळ्याचे सार आहे. तो कोणी शिकवला नसेल, तर डिझेलचे चार पैसे वाचवणारा माणूस आपण शहाणपणाच करतो आहोत असे समजतो.

आणि हा धडा कायद्यात आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १५ मध्ये पक्क्या लायसन्सच्या परीक्षेत काय काय तपासायचे, याची यादी दिली आहे. उतारावर वरच्या गिअरमधून चटकन खालच्या गिअरमध्ये येता आले पाहिजे. चढावर थांबलेली गाडी मागे न घसरू देता पुढे काढता आली पाहिजे. वळण्याआधी, ओव्हरटेक करण्याआधी आरसा बघितला पाहिजे. दुसऱ्याला ओव्हरटेक करू देता आले पाहिजे. सिग्नल किंवा पोलीस नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर रस्ता ओलांडणाऱ्याला आधी जाऊ दिले पाहिजे. ही यादी उत्तम आहे. यातली निम्मी कलमे जरी प्रामाणिकपणे तपासली गेली असती, तरी आपले रस्ते आज वेगळे दिसले असते.

प्रत्यक्षात काय होते, ते तालुक्याच्या गावी आरटीओचा कॅम्प असतो त्या दिवशी मैदानावर जाऊन पाहावे. जमिनीवर फक्कीने आठचा आकडा आखलेला असतो. पोरे एकामागून एक मोटारसायकल घेऊन येतात, आठ काढतात, पाय टेकला नाही की सुटले. चारचाकीवाला पन्नास-शंभर मीटर पुढे जातो, तेवढीच मागे घेतो, थांबतो. शेजारी बसलेल्या किंवा झाडाखाली उभ्या साहेबांच्या हातातल्या कागदावर टिक होते. बाजूला एजंट फायलींचा गठ्ठा घेऊन उभा असतो आणि कोणाचा नंबर कधी लागणार, हे त्याला आधीच माहीत असते. पोरगा घरी जातो तो वाहनचालक होऊन. रात्री समोरून अप्पर मारत येणाऱ्या गाडीपुढे काय करायचे, ओल्या रस्त्यावर ब्रेक किती आधी लावायचा, एसटी थांब्यावर उभी असताना तिच्या पुढून पोर धावत येईल हे कसे ओळखायचे, यातले काहीही त्याला कोणी विचारलेले नसते.

मोठ्या शहरांत थोडी सुधारणा झाली, हे मान्य केले पाहिजे. पुण्यात चारचाकीची परीक्षा नाशिक फाट्याजवळच्या आयडीटीआर या वाहनचालक प्रशिक्षण संस्थेत सेन्सर लावलेल्या ट्रॅकवर होते. तिथे गाडी रेषेला लागली की यंत्र नोंद करते, ओळख चालत नाही. याचे मोल मोठे आहे. पण तो ट्रॅकही शेवटी बंदिस्त आहे. तिथे रिक्षा मध्येच घुसत नाही, चुकीच्या बाजूने कोणी येत नाही, म्हातारी बाई पिशवी घेऊन दुभाजकावर ताटकळत नाही. गाडी किती नेमकी हलवता येते, हे तिथे कळते. समोरच्या माणसाचे पुढचे पाऊल ओळखता येते का, हे कळत नाही. आणि माणसे मरतात ती या दुसऱ्या गोष्टीच्या अभावाने. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतले ३२ हजारांहून अधिक पायी चालणारे होते. मृत्यूंपैकी ७० टक्क्यांहून अधिक अतिवेगाच्या खाती नोंदले गेले. गाडी मागे घेताना खांबाला घासली म्हणून यातले कोणी गेले नाही.

आता शिकवण्याकडे येऊ. नियम ३१ नुसार मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हलक्या खासगी वाहनाचे प्रशिक्षण किमान २१ दिवसांचे हवे आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान दहा तास हवेत. सकाळी सातच्या बॅचची गाडी कधी बघा. चालवणारा एक, मागच्या सीटवर तिघे आपली पाळी येण्याची वाट पाहत. उस्तादाच्या पायाशी त्याचा स्वतःचा ब्रेक आणि क्लच. शिकणाऱ्याला वाटते आपण गाडी चालवतो आहोत. निम्मे काम शेजारचा पाय करत असतो. वाटेत एखाद्याला घरून उचलायचे, एखाद्याला सोडायचे, मग प्रत्येकाच्या हातात स्टिअरिंग पंधरा-वीस मिनिटे. ते तास मोजले तर दहाच्या आसपासही जात नाहीत. रात्री चालवणे नाही, पावसात नाही, महामार्गावर तर नाहीच. शिकवतात काय? हाफ क्लच, आणि वळणावर हॉर्न दाब. आरसा बघ, असे सांगणारे उस्ताद आहेत आणि त्यांना मी मनापासून मानतो; पण त्यांना जास्त पैसे मिळत नाहीत, जास्त विद्यार्थीही मिळत नाहीत. पालक विचारतो ते एवढेच : लायसन्ससकट किती?

शिकाऊ लायसन्सची परीक्षा महाराष्ट्रात २०२१ पासून घरबसल्या देता येते. पंधरापैकी नऊ उत्तरे बरोबर आली की झाले. हेलपाटे वाचले, ही सोय चांगलीच. पण माऊस कोणाच्या हातात आहे, याची खात्री करण्याची व्यवस्था कच्ची राहिली आणि रस्त्याचे नियम माणसाने एकदा तरी वाचावेत यासाठी असलेली एकमेव जागाही नेट कॅफेतल्या मुलाकडे गेली.

ट्रकचालकाचे शिक्षण तर पूर्वापार रस्त्यावरच झाले. क्लीनर म्हणून लागायचे, टायर बदलायचे, काच पुसायची, उस्तादाला झोप आली की पहाटे मोकळ्या रस्त्यावर गाडी हातात घ्यायची. या पद्धतीतून तयार झालेले कितीतरी चालक अत्यंत जबाबदार होते, कारण त्यांना वर्षानुवर्षे एका माणसाच्या शेजारी बसायला मिळाले. आता अनेक गाड्यांवर क्लीनर ठेवणेच परवडत नाही. जुनी शाळा बंद पडली आणि नवी उघडली नाही. एसटीकडे निदान निवडीची चाचणी आहे, भोसरीला प्रशिक्षण संस्था आहे, विनाअपघात सेवेचा मान आहे. खासगी मालवाहतुकीत नवख्या चालकाला असे काहीच मिळत नाही.

या ठिकाणी आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल दिला की हलक्या वाहनाचे लायसन्स असलेला माणूस साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहनही चालवू शकतो. न्यायालयापुढचा प्रश्न विम्याचा आणि हजारो चालकांच्या रोजीरोटीचा होता, आणि त्या दृष्टीने निकाल समजण्यासारखा आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो की ज्याने घरच्या छोट्या गाडीवर शंभर मीटर पुढे-मागे करून दाखवले, त्याच्याच लायसन्सवर उद्या भरलेला टेंपो घाटात उतरणार. पुढच्याच महिन्यात कुर्ल्यात भाडेतत्त्वावरच्या इलेक्ट्रिक बसने गर्दीतल्या माणसांना चिरडले. तेव्हा, क्लच-गिअरच्या गाड्या चालवलेल्या माणसाला ऑटोमॅटिक बस हाती देताना किती दिवस शिकवले होते, असे सगळे विचारू लागले. प्रश्न बरोबर होता. तो अपघाताच्या आधी विचारणे कोणावरही बंधनकारक नव्हते, ही खरी अडचण आहे.

या चर्चेत कोणीतरी हमखास म्हणते की आपल्या लोकांना शिस्तच नाही, रक्तातच नाही. मला हे मुळीच पटत नाही. पुण्या-नाशिकचा इंजिनिअर नोकरीसाठी जर्मनीला जातो. सहा महिन्यांनंतर त्याचे भारतीय लायसन्स तिथे चालत नाही. लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लंडनला गेला तर वर्षभराची मुदत. ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या परीक्षेत बसणारे जवळपास निम्मे उमेदवार नापास होतात, आणि संगणकावर चित्रफीत दाखवून धोका किती लवकर ओळखता, हे २००२ पासून तपासले जाते. दहा-पंधरा वर्षे सिंहगड रोडवर गाडी चालवलेला माणूस तिथे पहिल्या फेरीत नापास होतो, चिडतो, पैसे भरून धडे घेतो आणि दुसऱ्यांदा पास होतो. त्यानंतर तो चौकात थांबतो, झेब्रा क्रॉसिंगला थांबतो, मागच्याने हॉर्न वाजवला नाही तरी सरळ चालतो. रक्त तेच, माणूस तोच. फरक एवढाच की तिथे कोणीतरी त्याच्या शेजारी बसून चाळीस मिनिटे त्याला खऱ्या रस्त्यावर पाहिले आणि नाही म्हणण्याचे धाडस केले.

नवले पुलाच्या उताराची आखणीच सदोष आहे, खड्डे आहेत, दिवे नाहीत, हे सगळे खरे. रस्ता बांधणाऱ्याला जबाबदारीतून सोडावे असे मी म्हणत नाही. पण समृद्धी महामार्गासारखा ७०१ किलोमीटरचा सरळसोट रस्ता बांधून ताशी १२० ची मर्यादा दिली, तर त्या वेगाला पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचे हे आधी शिकवणे भाग होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर उजव्या लेनमध्ये ठाण मांडून बसलेला ट्रक आणि त्याला डावीकडून कट मारणारी मोटार, या दोघांनाही लेन म्हणजे काय हे कोणी दाखवलेले नाही. आता कॅमेरे दंड करतात. दंड करावाच, पण न शिकवलेल्या गोष्टीचा नुसता दंड वसूल करत राहिले तर माणूस कॅमेरा कुठे आहे एवढेच शिकतो.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळा आहे. परीक्षा कडक केली की लाचेचा दर वाढेल, आणि गरीब चालकाचे पोट मारले जाईल. पहिल्या भागाला उत्तर आहे : परीक्षा गाडीत कॅमेरा लावून घ्या, चित्रण जपून ठेवा आणि ज्याच्यावर अपघातात जीव घेतल्याचा दोष सिद्ध होईल त्याची परीक्षा कोणी, कशी घेतली हे काढून पाहा. प्रत्येक कार्यालयात किती बसले, किती पास झाले, हे आकडे जाहीर करा. जिथे सगळेच पास होतात तिथे काय चालले आहे, ते वेगळे सांगावे लागणार नाही. दुसऱ्या भागाबद्दल एवढेच म्हणेन की गरीब चालकाचे पोट ज्या अपघाताने कायमचे मारले जाते, तो अपघात टाळण्याचे शिक्षण त्याला सरकारी खर्चाने मिळाले पाहिजे.

केंद्राने २०२१ मध्ये मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची योजना आणली. चार आठवडे, २९ तास, सिम्युलेटर, स्वतःचा ट्रॅक. जड वाहनांसाठी ३८ तास. अभ्यासक्रम चांगला आहे. मात्र तिथून पास झालेल्याला आरटीओची परीक्षा माफ आहे, आणि हे मला धोक्याचे वाटते. जो फी घेतो, त्यानेच पास-नापास ठरवायचे, ही सोय एजंटाला नव्या इमारतीत नेऊन बसवील. शिकवणारा आणि परीक्षा घेणारा वेगळाच असायला हवा. शिवाय, तिशीच्या आत काढलेले लायसन्स २०१९ च्या दुरुस्तीनंतर चाळिशीपर्यंत चालते. अठराव्या वर्षी आठ काढणाऱ्याकडे मधल्या बावीस वर्षांत कोणी ढुंकून बघत नाही. नूतनीकरणाच्या वेळी तरी त्याला एकदा रस्त्यावर नेऊन पाहावे.

हे सगळे करण्यासाठी नवा कायदा लागत नाही. नियम १५ आजही लागू आहे. तो पाळला जात नाही, कारण तो पाळला जाऊ नये अशी आपल्या सर्वांचीच इच्छा असते. सुशिक्षित घरातला बाप, जो मुलाच्या दहावीच्या पेपरात एक मार्क कमी पडला तर फेरतपासणीचा अर्ज करतो, तोच मुलाच्या लायसन्ससाठी एजंटाला फोन करून म्हणतो, त्याला हेलपाटे नकोत, तुम्ही बघा. या घरात पैसा आहे, ओळख आहे, मागणी करण्याची ताकद आहे, आणि ती सगळी पळवाट विकत घेण्यात खर्ची पडते.

तुमच्या घरात या वर्षी कोणी अठराचे झाले असेल, तर एजंटाला फोन करू नका. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन दहा तासांचा हिशेब लिहून मागा. रात्रीचा एक आणि पावसातला एक धडा मागा, त्याचे वेगळे पैसे द्या. परीक्षेच्या दिवशी नियम १५ ची प्रत मुलाच्या हातात द्या आणि साहेबांना सांगा, याला रस्त्यावर नेऊन बघा, नापास झाला तरी चालेल.