लहान मुलांना दुःखाच्या घरी न्यावं का?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥


गेल्या महिन्यात आपल्या इंदूरच्या सत्संगातल्या एका ताईंचे यजमान अचानक गेले. सकाळी निरोप आला, दुपारी रामबाग मुक्तिधामला न्यायचं ठरलं. ताईंची जवळची मैत्रीण म्हणजे आपलीच एक तरुण सेवेकरी. तिला मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. यजमान दौऱ्यावर, घरी दुसरं कोणी नाही. तिने फोन करून विचारलं, "काकू, मुलांना घेऊन गेलं तर चालेल का?" आम्ही लगेच म्हणालो, "नको गं बाई, पोरं घाबरतील. तू तिसऱ्या दिवशी उठावन्याला ये."

तिने ऐकलं नाही. मुलांना घेऊनच आली.

खरं सांगायचं तर आम्हाला रागच आला. धाकट्याने आधी पाणी मागितलं, मग मोठ्याने विचारलं, "काकांच्या नाकात कापूस का घातलाय?" सगळे एकदम गप्प. आमच्यातल्या एकीने त्याला उचलून बाहेर ओट्यावर नेलं. मुलगी मात्र आईची ओढणी धरून शांत बसून राहिली.

तेराव्यानंतर ताईंकडे गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या दिवशी कोण काय बोललं, काही आठवत नाही. ही दोन लेकरं घेऊन दारात उभी राहिली, तेवढं आठवतं. न यायला तिच्याकडे चांगलं कारण होतं, तरी आली."

ते ऐकून आम्ही वरमलो. आमची मुलं लहान होती, तेव्हा एका मैत्रिणीची आई गेली होती. "मुलं लहान आहेत गं," म्हणून आम्ही गेलो नाही. नंतर जायला संकोच वाटू लागला, आणि मग जाणं राहूनच गेलं. मुलं शेजारी ठेवता आली असती. भीती मुलांना नव्हती, आम्हाला होती. मुलांच्या आड आम्ही लपलो.

प्रवचनात आपण नचिकेताची गोष्ट ऐकतो. कठोपनिषदातला तो लहान मुलगाच. यमाच्या दारात तीन रात्री उपाशी राहिला आणि तिसऱ्या वरात मरणानंतर काय, हेच विचारलं. यमाने आधी धन, दीर्घायुष्य दाखवून त्याला टाळायला पाहिलं, पण शेवटी उत्तर दिलं. आपण मात्र मुलाने विचारलं की बिस्किटाचा पुडा पुढे करतो.

म्हणून सरसकट सगळ्या मुलांना न्यावं, असंही नाही. तो दिवस त्या घराचा असतो, आपल्या मुलांना शिकवण्याचा नसतो. मूल फार रडकं असेल, आजारी असेल, किंवा गेलेली व्यक्ती लहान असेल आणि घरात आकांत चालला असेल, तर मूल शेजारी ठेवावं. पण आपण जावं. विचारायचं असेल तर घरच्या दुसऱ्या कोणाला विचारावं, दुःखात असलेल्याला नाही.

न्यायचं ठरलं तर निघण्यापूर्वी मुलाला सांगावं: काका जमिनीवर निजवलेले असतील, लोक रडतील, तुला भीती वाटली तर आपण बाहेर येऊ. नमस्काराचा आग्रह करू नये. दाराजवळ बसावं, मुक्तिधामला नेऊ नये. "काका झोपलेत" असं तर मुळीच म्हणू नये. मग पोर रात्री झोपायलाच घाबरतं. "त्यांचं शरीर बंद पडलं, ते आता उठणार नाहीत, त्यांना काही दुखत नाही," एवढं खरं पुरे. आत्म्याच्या गोष्टी हळूहळू सांगता येतात. घरी आल्यावर आंघोळ घालावी, जेवू घालावं, जवळ घेऊन बसावं.

त्या रात्री मुलीने आईला विचारलं, "बाबा पण मरणार?" आई म्हणाली, "कधीतरी सगळेच जातात. पण बाबा आज ठीक आहेत, परवा घरी येणार आहेत." मुलगी झोपली. आम्हाला इतकं सरळ उत्तर सुचलं नसतं.

दुःखाच्या घरी पिठलं-भात पोचवण्याची सेवा आपण करतोच. यापुढे निरोप आला की आमच्यापैकी दोघी जणी लहान मुलं सांभाळायला तयार राहू. ज्यांना जमेल त्यांनी या सेवेसाठी आपलं नाव कळवावं. "मुलं लहान आहेत" म्हणून आपल्यातलं कोणी दारापर्यंत जायचं राहू नये.

चूकभूल गुरुमाउलींनी पदरात घ्यावी.
॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥