मुदत सरलेले औषध आणि दानधर्म

गेल्या चातुर्मासात एका देवस्थानाच्या धर्मार्थ दवाखान्यासाठी औषधे गोळा करीत असता एका सद्गृहस्थांनी डबाभर गोळ्या माझ्या स्वाधीन केल्या. बहुतेकांची मुदत उलटून गेली होती. मी ते निदर्शनास आणताच ते म्हणाले, "वकीलसाहेब, औषध काही पंचांग पाहून नासत नाही." त्यांचे हे उत्तर सर्वस्वी खोटे नव्हते, म्हणूनच ते विचार करावयास लावणारे होते.

काळाबरोबर औषधाचा गुण ओसरतो हे आपले पूर्वज जाणून होते. चूर्ण दोन महिन्यांनंतर आणि गुटिका व अवलेह वर्षानंतर हीनवीर्य होतात, असे शार्ङ्गधरसंहिता सांगते. आसवे मात्र जुनी झाल्यावर अधिक गुणकारी मानते. आधुनिक शास्त्रही प्रत्येक द्रव्याचा न्याय निराळा करते. दमट हवा लागली की ॲस्पिरिनची गोळी विघटन पावते व तिला आंबूस वास येऊ लागतो. हृदयशूळावरील नायट्रोग्लिसरीन उघड्या कुपीतून उडून जाते. उलटपक्षी, अमेरिकेत १९८६ साली सुरू झालेल्या तपासणीत सैन्याच्या साठ्यांतील, नीट राखलेली पुष्कळ औषधे मुदतीनंतरही समर्थ आढळली.

तेव्हा मुदत म्हणजे औषधाचे मरण नव्हे. सांगितल्याप्रमाणे ठेवल्यास अमुक दिवसापर्यंत गुण टिकेल, असे ते उत्पादकाचे वचन होय. कायद्यात मुदतबाह्य कर्जाचीही अशीच गोष्ट आहे. मुदत संपल्याने ऋण नाहीसे होत नाही. ते वसूल करण्याचा कोर्टातील मार्ग तेवढा बंद होतो. सचोटीचा ऋणको ते फेडीलही. परंतु असा मुदतबाह्य रोखा देवाच्या चरणी वाहून 'मी इतके द्रव्य दिले' असे कोणी म्हणेल काय?

स्वतःच्या घरी जुनी गोळी घेणारा जाणूनबुजून जोखीम पत्करतो. दवाखान्याच्या ओट्यावर बसलेल्या गरिबाला ती जाण नसते. ताप उतरला नाही तर तो रोगाला दोष देतो, नाही तर प्रारब्धाला. गोळीवर त्याचा संशय जात नाही. आणि हृदयविकाराच्या घटकेला दुबळी गोळी केवळ निरुपयोगी ठरत नाही. तिच्यावर विसंबून मोलाची वेळ निघून जाते. स्वतःच्या मुलाच्या बाबतीत जो संशय आपण सोसला नसता, तो दुसऱ्याच्या पदरात टाकण्याला दान म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ साली औषधदानाची जी तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही देणाऱ्यासाठी एक कसोटी व घेणाऱ्यासाठी दुसरी असू नये, असेच सांगितले आहे.

दानाला देश, काल आणि पात्र पाहावे, असे आपले शास्त्र म्हणते. पात्राची चिकित्सा आपण हिरिरीने करतो, काळाची क्वचितच. डबा मी परत केला, तेव्हा ते गृहस्थ किंचित रुष्ट झाले. मी त्यांना एवढेच विनविले की, औषधांऐवजी यथाशक्ति पैसे द्यावेत; दवाखाना ताजे औषध विकत घेईल.