फीत न कापता होणारी कामं

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात तलावाच्या सुशोभीकरणाचा प्रस्ताव निघाला की यादी पाठ असल्यासारखी येते. काठाला दगडी पिचिंग, त्यावर पेव्हर ब्लॉक, स्टीलचं रेलिंग, ठरावीक अंतरावर बाक, ओपन जिम, सेल्फी पॉइंट, रंगीत दिवे आणि मधोमध कारंजं. गाव बदलतं, ठेकेदार बदलतो, यादी तीच. यातली एखादी गोष्ट वाईट आहे असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी पाय मोकळे करायला जागा हवीच, म्हाताऱ्या माणसांना टेकायला बाक हवा. कोल्हापूरकराला रंकाळ्यावरची फेरी सोड म्हणून सांगा किंवा ठाणेकराला तलावपाळी, म्हणजे काय ऐकावं लागतं ते कळेल! पण यादी नीट वाचली तर दिसतं की सगळ्या वस्तू काठावरच्या आहेत. जे एक कारंजं पाण्यात आहे, तेही काठावरून बघण्यासाठीच.

तलावाचे दोन प्रकारचे लोक असतात. एक तलाव बघणारे, दुसरे तलावात हात घालणारे. पहिल्यांची संख्या मोठी, आवाज मोठा, आणि मतंही त्यांचीच. दुसऱ्यांत मासे धरणारे येतात, शिंगाडे काढणारे येतात, आठवड्याची सुटी गळ टाकून बसण्यात घालवणारे हौशी लोकही येतात. आराखडा करताना यांना कुणी विचारत नाही. मुद्दाम डावललं जातं असंही नाही. त्यांची आठवणच होत नाही. आणि माझ्या मते मुद्दाम डावलण्यापेक्षा ही विस्मृती जास्त गंभीर आहे, कारण तिच्याबद्दल कुणाला अपराधीही वाटत नाही.

मुंबईतला पवई तलाव घ्या. १८९० मध्ये तो बांधून पूर्ण झाला, खर्च साधारण साडेबारा लाख रुपये. बांधला पिण्याच्या पाण्यासाठी. पण ते पाणी पिण्याजोगं राहिलं नाही, तेव्हा ते कारखान्यांना आणि आरेच्या दुग्धवसाहतीला मिळू लागलं. भरला की पाण्याचा पसारा सव्वादोन चौरस किलोमीटरच्या आसपास, साठा सुमारे ५४५ कोटी लीटर. ओसंडलेलं पाणी मिठी नदीत जातं. त्यात मगरी आहेत, काठाला पाणपक्षी आहेत आणि गळ टाकून तासन्‌तास बसणारी माणसंही आहेत. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन या हौशी मंडळींच्या संस्थेचं या तलावाशी जुनं नातं आहे. मासे सोडणं, राखण करणं, पाण्याबद्दल ओरड करणं ही कामं ते करत आले आहेत.

या तलावाभोवती २०२१ मध्ये महापालिकेने सायकल मार्ग आणि पदपथ करायला घेतला. लांबी दहा किलोमीटरच्या घरातली. लोखंडी जाळ्यांत दगड भरून रचायचे, त्यावरून रस्ता न्यायचा. दगडांच्या फटींतून पाणी आरपार जातं, म्हणून भराव घातल्यासारखं होत नाही, असं सांगितलं गेलं. सायकलला विरोध करणं अवघड असतं. ती धूर सोडत नाही, तब्येत राखते, गरिबालाही परवडते. चांगल्या वस्तूच्या नावाखाली जेव्हा एखादी चूक होते, तेव्हा ती चूक आहे हे म्हणायलाच पहिल्यांदा धैर्य लागतं. काही विद्यार्थी आणि पर्यावरणाचं काम करणारे लोक न्यायालयात गेले. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हा मार्ग बेकायदा ठरवला आणि केलेलं बांधकाम काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं.

त्या खटल्यातला एक मुद्दा कायद्यापेक्षा नीतीचा म्हणून मला महत्त्वाचा वाटतो. पाणथळ जागांविषयीचे २०१७ चे केंद्रीय नियम आहेत. त्यांच्या व्याख्येतून काही जलाशय वगळले आहेत: माणसाने पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठासाठी किंवा मनोरंजनासाठी खास बांधलेले. पवई तर माणसानेच बांधलेला, मग नियम लागू कसे, असा युक्तिवाद झाला. देशातल्या पाणथळ जागांच्या नोंदीत पवई आहे आणि त्या नोंदीतल्या जागांना सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण दिलेलं आहे, या आधारावर तो टिकला नाही. नागपूरच्या फुटाळा तलावाच्या बाबतीत मात्र निकाल वेगळा लागला. तिथे कारंज्यांचा आणि प्रेक्षक गॅलरीचा वाद होता. फुटाळा मानवनिर्मित असल्याने या नियमांखालची पाणथळ जागा ठरत नाही, ही भूमिका २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली. मात्र सरकार जनतेच्या वतीने विश्वस्त आहे हे तत्त्व मानवनिर्मित जलाशयांनाही लागू होतं, असंही नोंदवलं.

न्यायालयांचं काम न्यायालयांनी केलं. पण तलाव कुणी आणि कशासाठी खणला हे मरळ माशाला किंवा पाणकावळ्याला कसं कळावं? शंभर-दोनशे वर्षांत त्या पाण्याला त्याची म्हणून एक वस्ती येते. बांधणाऱ्याचा हेतू केव्हाच कागदात जातो, वस्ती उरते. विश्वस्त हा शब्द न्यायालयाने वापरला, तो या वस्तीसकट सगळ्यांसाठी घ्यायला हरकत नसावी.

आता पाण्यात काय चालतं ते थोडं बघू. मासेमारीच्या तलावात आपल्याकडे सहसा कटला, रोहू आणि मृगळ सोडतात. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. एकाच पाण्यात तिघांची पंगत निराळी. पण हे मूळचे नदीचे मासे. साचलेल्या पाण्यात ते एरवी अंडी घालत नाहीत, म्हणून त्यांचं बीज दरवर्षी आणून सोडावं लागतं. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी संप्रेरक टोचून या जातींचं प्रजनन घडवून दाखवलं, तेव्हापासून हे बीज हवं तेव्हा मिळू लागलं. मरळ, मागूर, शिंगी असे इथले मासे मात्र तलावातच वाढतात, तिथेच पिल्लं काढतात. त्यासाठी त्यांना लागतो उथळ, चिखलाचा, गवताचा, वेडावाकडा काठ. हा काठ म्हणजे तलावाचं बाळंतघर. आपण पहिलं काम करतो ते तिथे दगड बसवून तो सरळ करण्याचं. मग पाच-सहा वर्षांनी मासे कमी झाले म्हणून बीज सोडण्याची वेगळी योजना येते, तिचंही छायाचित्र पेपरात छापून येतं.

दुसरी गोष्ट सांडपाण्याची. शहरातल्या बहुतेक तलावांत कुठून ना कुठून गटार येतं. त्यातल्या खतावर जलपर्णी आणि शेवाळ माजतं. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, पण रात्री तेही श्वास घेतं, शिवाय तळाला कुजणारा पाला आपला वाटा काढून घेतोच. पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. त्या वेळी काठावर गेलात तर मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करताना दिसतात, पाण्यावर बारीक गोल गोल वलयं उठत राहतात. हौसेने फिरायला आलेला माणूस म्हणतो, वा, काय मासे आहेत! आणि गळवाला गप्प होतो, कारण त्याला ठाऊक असतं की आभाळ दोन दिवस झाकोळलेलं राहिलं तर तिसऱ्या दिवशी हेच मासे पोट वर करून तरंगतील. एकाच दृश्याचे हे दोन अर्थ आहेत. आराखडा कुणाच्या डोळ्यांनी करायचा हा प्रश्न मला इथे पडतो.

गटार वळवायचं, मलनिस्सारण वाहिनी टाकायची, पाणी शुद्ध करूनच आत सोडायचं, ही कामं जमिनीखालची. त्यांना रंग देता येत नाही, त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढता येत नाही. म्हणून ती मागे पडतात. जलपर्णी काढण्याचा ठेका मात्र दरवर्षी निघतो, कारण ती काढताना दिसते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा उगवण्याची हमीही असते. (कारंज्याने पाण्यात थोडी हवा मिसळते हे खरं. पण गटार चालू ठेवून कारंजं लावणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.) नगरसेवकांना दोष देऊन सुटका नाही. न दिसणाऱ्या कामाला आपण कधी मत दिलंय? रस्त्याच्या कडेला बाक आला की त्यावर नाव वाचतो आणि म्हणतो, काम करतो हा माणूस.

पूर्व विदर्भात वेगळं घडलेलं आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत जुने मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत. मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणारी जुनी जमीनदारी, गेली आणि तलाव सरकारकडे आले. माजी मालगुजारी, म्हणून मामा तलाव, असे ते आजही ओळखले जातात. त्यांतले बरेच गाळाने आणि बेशरमच्या झुडपांनी भरून गेले होते. मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर समाजाला बरोबर घेऊन त्यांतल्या काही तलावांचं पुनरुज्जीवन केलं. सुरुवात ढिवरांना विचारण्यापासून झाली: पूर्वी कोणते मासे मिळत, ते काय खात, कोणत्या पाणवनस्पतीच्या आडोशाने अंडी घालत. मग उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर बेशरम मुळासकट उपटली, तळाची जमीन नांगरली, आणि दुसऱ्या तलावांतून आणलेल्या पाणवनस्पती रोवल्या. चिखलात उतरून ही लावणी करण्यात बायका पुढे होत्या. देशी मासे परतले, पक्षी वाढले. या कामात सिमेंट जवळपास नाहीच. एखाद्या अभियंत्याला हे काम वाटणारही नाही, कारण मोजमाप पुस्तकात त्याची नोंद कशी करायची?

विरंगुळा मात्र काठ बांधल्याशिवाय मिळत नाही असंही नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीचं स्थान. डोहात मोठमोठे महसीर मासे आहेत आणि ते कुणी धरत नाही. लोक लांबून येतात, चुरमुरे टाकतात, मासे उसळून वर येतात, मुलं खिदळतात. सुटीचा दिवस सार्थकी लागतो. तिथे आधी नियम आला, पाहुणे नंतर. आपल्याकडे बहुधा आधी पाहुण्यांची सोय होते आणि नियम राहून जातो.

इथवर वाचून हौशी गळवाले खूश झाले असतील, तर त्यांच्यासाठीही एक अडचणीचा प्रश्न आहे. शहरी तलावात रात्री जाळं टाकणाऱ्याला चोर म्हणतात. परवाना काढून, महागडी काठी घेऊन, मासा धरून, फोटो काढून परत पाण्यात सोडणारा तो क्रीडाप्रेमी. आणि संध्याकाळच्या कालवणासाठी दोन मासे नेणारा, ज्याच्या वस्तीत नळही धड नाही, तो गुन्हेगार. जाळ्याने तलाव रिकामा होतो, बारक्या आसाच्या जाळ्यात पिल्लंही जातात, टोळ्या पैशासाठी उपसा करतात, हे सगळं खरं. राखण हवीच. पण टोळी आणि शेजारी यांत फरक करणारा नियम आपल्याला सुचत का नाही? वन हक्क कायद्याने २००६ मध्ये जंगलात राहणाऱ्यांचा जलाशयातल्या मासळीवरचा सामूहिक हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला. शहराच्या हद्दीत तो कायदा जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी विचाराची दिशा म्हणून तो घेता येईल: पावसाळ्यात प्रजननाच्या दिवसांत सर्वांनाच बंदी, जाळ्याचा आस किती असावा ते ठरलेलं, आणि आठवड्यातले काही वार काठच्या वस्तीसाठी गळाने मासे धरायला मोकळे, परवान्याचं शुल्क न घेता. राखणदारही त्याच वस्तीतले नेमावेत. रात्रीची टोळी कुठून येते हे त्यांना सुरक्षा कंपनीच्या माणसापेक्षा चांगलं माहीत असतं.

असा आराखडा सभागृहात पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून होणार नाही. हरकती आणि सूचनांची जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात देऊनही होणार नाही. ज्यांचं ऐकायचं ते त्या वेळी पाण्यात असतात. बैठक तलावावर घ्या, आणि पहाटे घ्या. अभियंता, नगरसेवक, सकाळी चालायला येणारे, गळवाले, वस्तीतल्या बायका, सगळ्यांना बोलवा. पहिला प्रश्न एवढाच ठेवा की गटारं कुठून कुठून येतात. ते बायकांना ठाऊक असतं, पालिकेच्या नकाशावर असेलच असं नाही. नकाशावर नसलेल्या जागा त्यांनी दाखवाव्यात, अभियंत्याने तिथे लाल खूण करावी, आणि निधीचा पहिला हप्ता त्या खुणांवर खर्च व्हावा. बाकाच्या निविदेचं मग बघता येईल.