देहदंड आणि आपली सदसद्विवेकबुद्धी

प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी आम्ही क्रुसाच्या वाटेवर पहिल्या स्थानासमोर गुडघे टेकतो. तेथे निरपराध येशूला देहदंड फर्मावला जातो. मात्र एखाद्या अमानुष खुनाची बातमी वाचली, की ‘अशांना फाशीच हवी’ असे आम्हीच म्हणतो. तो संताप खोटा नसतो. ज्या घरातले माणूस मारले गेले, त्या घराला दुरून क्षमेचा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांला नाही. प्रश्न एवढाच, की त्या संतापाने कायद्याची जागा घ्यावी काय?

आपल्या कायद्यालाही या शिक्षेबाबत संकोच आहे. १९८० साली बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देहदंड घटनाबाह्य ठरविला नाही. परंतु तो ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणीच द्यावा, असे बंधन घातले. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाच्या संमतीवाचून अमलात येत नाही. शेवटी राष्ट्रपतींकडे दयेचा अर्जही करता येतो.

एवढी कुंपणे असूनही चूक होतेच. महाराष्ट्रात २००३ साली घडलेल्या एका भीषण गुन्ह्यासाठी भटक्या जमातीतील सहा गरीब माणसे दोषी ठरली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच योग्य मानली. २०१९ साली त्याच न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तोवर सुमारे सोळा वर्षे लोटली होती. तरी तो निकाल ऐकायला ती माणसे जिवंत होती! फाशी अमलात आली असती, तर भरपाई कोणाच्या हाती ठेवणार होतो?

पण गुन्हा निःसंशय सिद्ध झाला असेल तर? ख्रिस्तसभेलाही याचे उत्तर उशिरा उमगले. पोपमहोदयांच्या राज्यात १८७० पर्यंत देहदंड दिला जात असे. १९९५ साली पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी ‘इव्हँजेलियम विते’ या परिपत्रकात म्हटले, की समाजाच्या रक्षणासाठी देहदंड अटळ ठरावा असे प्रसंग आता जवळजवळ उरलेले नाहीत. २०१८ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी धर्मशिक्षणग्रंथात बदल करून तो अस्वीकारार्ह ठरविला. अपराध्याची मानवी प्रतिष्ठा अपराधानेही नष्ट होत नाही, ही त्यामागची श्रद्धा. तुरुंगाच्या भिंती समाजाचे रक्षण करू शकतात. मग पश्चात्तापाचे उरलेले दिवस आम्ही का हिरावून घ्यावेत?

पुढच्या शुक्रवारी त्या स्थानासमोर आम्ही दोन घरांसाठी प्रार्थना करू या : ज्याचे माणूस मारले गेले त्या घरासाठी, आणि ज्याचे माणूस फाशीच्या कोठडीत आहे त्या घरासाठीही. पहिल्या घराला मात्र नुसती प्रार्थना पुरणार नाही. त्याच्या दारी आम्हांला जावे लागेल.