पुढे ढकललेला मंगळवार

विंडोजमधल्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी द्यायच्या, हा मायक्रोसॉफ्टचा २००३ पासूनचा शिरस्ता. १४ मार्च २०१७ हा असाच मंगळवार होता. त्या दिवशीच्या दुरुस्त्यांपैकी एक, नेटवर्कवर फायलींची देवाणघेवाण करणाऱ्या भागातलं भगदाड बुजवणारी होती. १२ मे रोजी त्याच भगदाडातून ‘वॉनाक्राय’ हा खंडणी मागणारा घातक प्रोग्रॅम जगभर शिरला. ब्रिटनमध्ये सरकारी रुग्णालयांतले संगणक बंद पडले, रुग्णांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. औषध जवळजवळ दोन महिने आधीच तयार होतं, हे आठवलं की आजही मन विषण्ण होतं.

जूनमध्ये ‘नॉटपेट्या’ हा दुसरा घातक प्रोग्रॅम आला. पसरण्यासाठी त्यानेही हेच भगदाड वापरलं, आणि त्याची झळ आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलपर्यंत पोचली.

तयार दुरुस्ती अशी पुढे का ढकलली जाते? सगळे अपडेट आपण एकाच मापाने मोजतो, इथेच चूक होते. नवी सोय, नवं रूप आणणारा अपडेट मोठा असतो, गाजावाजा करत येतो. तो चार दिवस थांबून घेतला तरी बिघडत नाही, उलट त्यातल्या चुका तोवर उघड होतात. सुरक्षेचा पॅच, म्हणजे भगदाड बुजवणारी दुरुस्ती, मात्र मुका असतो. बसवल्यावर पडद्यावर काहीच बदललेलं दिसत नाही, म्हणून तो बिनमहत्त्वाचा वाटतो. खरी गोष्ट उलटी आहे. पॅच बाहेर पडला की चोरही तो उघडून पाहतात, जुन्या आणि नव्या प्रोग्रॅममधला फरक तपासतात, आणि भगदाड नेमकं कुठे होतं ते त्यांना कळतं. म्हणजे दुरुस्ती आल्यानंतरचा प्रत्येक दिवस, ती न बसवणाऱ्यासाठी आधीपेक्षा जास्त धोक्याचा.

घाईलाही किंमत असतेच. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प झाले, विमानतळांवर रांगा लागल्या. म्हणून रुग्णालयं, बँका यांनी आधी मोजक्या यंत्रांवर चाचणी घेऊन मगच अपडेट सगळीकडे पोचवावा, हे योग्यच. तो विलंब जबाबदारीचा आहे. पण घरच्या फोनवर आपण रोज ‘नंतर’ दाबतो, त्यात कसली चाचणी?

आज एवढं करा. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन शेवटचा सुरक्षा अपडेट कोणत्या तारखेचा आहे ते पाहा. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमध्येही पाहा. अपडेट आला असेल तर सेटिंगमधूनच घ्या, मेसेजमधल्या लिंकवरून कधीही नाही. आणि कंपनीने ज्या फोनला दुरुस्त्या देणं थांबवलं आहे, त्यावरून बँकेचे व्यवहार करू नका.