पाचवे कारण

तोंडवलीच्या किनाऱ्यावर लोखंडाला दीर्घायुष्य नाही. पश्चिमेला उघडा अरबी समुद्र आणि पूर्वेला गड नदीची खाडी यांच्या बेचक्यात, दक्षिणेकडे तळाशीलपर्यंत निमुळती होत गेलेली ही वाळूची पट्टी दोन्ही अंगांनी खाऱ्या वाऱ्याच्या अंमलाखाली असून, दाराची कडी, खिडकीचे गज, विहिरीवरची कप्पी आणि मासळीच्या टेंपोची चासी या सर्वांकडून तो वारा आपला सारा बिनबोभाट वसूल करीत असतो. त्यातही टेंपोची अवस्था विशेष शोचनीय. कारण वरून वाऱ्याचे मीठ, खालून ओल्या रेतीचे मीठ आणि मधून बर्फात घातलेल्या बांगड्यांच्या खोक्यांतून ठिबकणारे खारट पाणी, असा तिहेरी अभिषेक त्याला नित्य घडतो. चासीच्या कडेने मागच्या चाकांपर्यंत गेलेली ब्रेकची पोलादी नळी जाडीने जेमतेम पावणेपाच मिलिमीटर असते. ती जेथे जेथे पत्र्याच्या चिमट्यात धरलेली असते, तेथे तेथे माती आणि ओल साठून राहते. आणि नळी गंजायला लागते ती उघड्यावर नव्हे, तर त्या चिमट्याखाली, म्हणजे नेमकी जेथे कोणाची दृष्टी पोहोचत नाही तेथे.

मग एखाद्या दिवशी फोंड्याच्या किंवा करूळच्या घाटात पेडल सरळ तळाला जाते. पंचनामा होतो, मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासून आपला अहवाल देतो. पण गावाचा निकाल त्याच्या कितीतरी आधी लागलेला असतो, आणि तो एका शब्दाचा असतो : दैव. या निकालाची टवाळी करणे शहरी मनुष्याला सोपे वाटते. मला ते सोपे वाटत नाही. ज्या माणसांनी होडी लोटताना प्रत्येक वेळी समुद्राची मर्जी पाहिली आहे, त्यांनी दैव हा शब्द आळसापोटी उच्चारलेला नसतो. परंतु समुद्राच्या बाबतीत जो शब्द योग्य, तोच शब्द गंजलेल्या नळीच्या बाबतीत योग्य आहे काय, हा प्रश्न मात्र विचारल्यावाचून सोडता येत नाही.

शेजारच्या आचऱ्याला श्रीरामेश्वराचा कौल घेऊन तीन-चार वर्षांनी गावपळण होते. तीन दिवस आणि तीन रात्री माणसे, गुरे, कोंबड्या यांच्यासह अवघा गाव वेशीबाहेर राहुट्या ठोकून राहतो. पूर्वी हे बिऱ्हाड बैलगाड्यांतून निघे, हल्ली टेंपोतूनही निघते. गाव केव्हा सोडावा हे देवाला विचारतात. परंतु टेंपोच्या कोणत्या चाकाच्या ब्रेकमधली एअर आधी काढावी, याचा कौल कोणी लावल्याचे ऐकिवात नाही. याचा अर्थ असा की, श्रद्धाळू माणसालाही देवाचा इलाखा आणि मिस्त्रीचा इलाखा यांमधली हद्द कोठून जाते हे मनोमन ठाऊक असते. घोटाळा होतो तो खंडेनवमीला. त्या दिवशी गाडी धुतात, बॉनेटला गंधाची बोटे ओढतात, झेंडूची माळ घालतात, लिंबू-मिरची बदलतात, नारळ फोडून गाऱ्हाणे घालतात. आणि या सगळ्या सोहळ्यात चासीखाली वाकून पाहणारा मात्र क्वचितच आढळतो. गाऱ्हाणे ही देवापुढे मांडलेली कैफियत होय. गळणाऱ्या चाकाची नळी चेपून बंद करून उरलेल्या तीन चाकांच्या ब्रेकवर ज्याने वर्षभर धंदा केला, त्याने ‘रक्षण कर’ म्हणून मांडलेली कैफियत मला खोट्या दस्तऐवजासारखी वाटते.

या प्रश्नावर गीतेच्या अठराव्या अध्यायाने एक चोख हिशेब मांडून ठेवला आहे. कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यास पाच कारणे लागतात : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव. हा क्रम मला अतिशय अर्थपूर्ण वाटतो. दैवाला वगळलेले नाही. पण त्याला पहिल्या पाटावरही बसवलेले नाही. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य यांना एक स्वतंत्र प्रकरणच दिले आहे. ज्याचे फळ भोगण्यास सुरुवात झाली ते आरब्ध आणि जे अजून साठ्यात आहे ते अनारब्ध, हा वेदान्ताचा भेद ज्याला पोथीत समजला नसेल त्याने गॅरेजमधल्या खड्ड्यात उतरून वर पाहावे. नळीवर नुसता तांबूस थर आला असेल तर तो घासून काढता येतो, रंगवता येतो. परंतु गंजाने खळगे पाडून भिंत खाल्ली असेल तर घासण्याने काही होत नाही, तेथे नळीच बदलावी लागते.

ही बदलण्याची क्रिया जवळून पाहण्यासारखी आहे. जुनी नळी अखंड काढून तिच्या वळणांबरहुकूम नवी वळवायची. हेक्सॉने कापायची नाही, कारण लोखंडाचा कीस आत राहतो, तर छोट्या कटरने गोल फिरवीत कापायची. आतली धार साफ करायची. आणि टोकाला फ्लेअर पाडण्यापूर्वी नट आठवणीने नळीत ओवायचा, कारण फ्लेअर झाल्यावर तो जात नाही, आणि मग सुरेख साधलेले टोक कापून टाकावे लागते. नवशिक्यांना हा धडा बहुधा असाच मिळतो. फ्लेअर दुहेरी घडीची लागते. एकेरी घडी दाबाखाली चिरते. आटे आधी बोटांनी लावायचे, पान्हा नंतर. पोलादी नळीऐवजी फ्रिजवाल्याकडची तांब्याची मऊ नळी घालण्याचा मोह खाऱ्या मुलुखात पुष्कळांना होतो. ती गंजत नाही हे खरे, पण गाडीच्या थरथरीने कडक होत होत एके दिवशी तडकते. तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूची नळी मात्र येथे उत्तम. किंमत जास्त, तक्रार कमी.

त्यानंतर एअर काढणे. द्रव दबत नाही, हवा दबते; म्हणून नळीत राहिलेला एक बुडबुडादेखील पायाचा जोर गिळून बसतो आणि पेडल स्पंजी लागते. साधारणतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या, म्हणजे आपल्याकडे डाव्या मागच्या चाकापासून आरंभ करतात. गाडीच्या पुस्तकात निराळा क्रम दिला असल्यास तो प्रमाण मानतात. मिस्त्री चाकाशी बसतो, निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या ऑईलमध्ये बुडवतो, आणि वर बसलेल्या पोराला सांगतो : “मार... आजून मार... आता धरून ऱ्हव, सोडू नको.” “धरलंय,” वरून उत्तर येते. निपल अर्धा फेरा सुटतो, बुडबुडे निघतात, निपल बंद होतो, आणि मगच “सोड” असा हुकूम सुटतो. पाय त्याआधी उचलला गेला तर बाहेर गेलेली हवा उलट पावली आत येते. वरच्याला बुडबुडे दिसत नाहीत आणि खालच्याला पेडल दिसत नाही. दोघांचा सगळा व्यवहार एकमेकांच्या शब्दावर चालतो.

ज्या नियमावर हे सारे उभे आहे तो सांगणारा ब्लेझ पास्कल हा स्वतः मोठा धर्मचिंतक होता, हे आपल्याकडे शाळेत सांगत नाहीत. कोंडलेल्या द्रवावरचा दाब सर्व दिशांनी सारखाच पोहोचतो, आणि म्हणून एका तोंडापेक्षा दुसरे तोंड शंभरपट मोठे ठेवले तर एक माणूस शंभरांना तोलून धरतो, हे त्याचे विवेचन त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापले गेले. १६५४ च्या नोव्हेंबरात एका रात्री त्याला ईश्वराचा जो साक्षात्कार झाला, त्याचे टिपण तो कोटाच्या अस्तरात शिवून बाळगीत असे. त्याच सुमारास पॅरिसजवळ एका पुलावर त्याच्या गाडीचे घोडे कठड्याबाहेर कोसळले आणि जुंपणीचे पट्टे तुटले म्हणूनच गाडी वाचली, अशी आख्यायिका आहे. चिकित्सक तिच्यावर फारसा विश्वास ठेवीत नाहीत. पण १६६२ साली, आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, याच मनुष्याने पॅरिसमध्ये पाच सू भाड्याच्या, ठरल्या मार्गाने धावणाऱ्या सार्वजनिक घोडागाड्या सुरू करण्यात पुढाकार घेतला, हे मात्र निर्विवाद. ईश्वरापुढे गुडघे टेकणाऱ्याला परक्या उतारूंच्या गाडीची व्यवस्था लावावीशी वाटली, ही गोष्ट मला त्याच्या सुप्रसिद्ध पैजेच्या युक्तिवादापेक्षा अधिक बोलकी वाटते.

कारण खरी अडचण उतारूची आहे. आपला कर्मविचार बहुतेक वेळा एकेका जीवाचे खाते वेगळे धरून चालतो : माझे संचित, माझे प्रारब्ध, माझे क्रियमाण. परंतु पहाटे टोपली घेऊन टेंपोत मागे बसलेल्या बाईने नळी पाहिलेली नाही, फ्लेअर पाडलेली नाही, निपल आवळलेला नाही. गीतेच्या पहिल्या चार कारणांपैकी एकाशीही तिचा संबंध नाही. घाटात नळी फुटली तर तिच्या दृष्टीने ते शुद्ध दैवच होय, आणि तिने तसे म्हटल्यास तिला दोष देता येणार नाही. मात्र तेच ज्याच्या हातून घडले किंवा घडायचे राहिले, त्याच्या खात्यावर ते क्रियमाण म्हणूनच मांडले पाहिजे. एकाचे क्रियमाण ते दुसऱ्याचे प्रारब्ध होते, आणि चासीखाली निजलेला मिस्त्री नकळत त्या बाईच्या पाचव्या कारणाच्या जागी बसलेला असतो. दैवाचा शब्द उतारूने उच्चारावा. चालकाने आणि मालकाने तो उच्चारण्यापूर्वी दहादा विचार करावा.

यावर कोणी म्हणेल की अशाने दैवाला जागाच उरत नाही. उरते; दैवाचा इलाखा आकसतो, इतकेच. ज्या यंत्रज्ञांनी ब्रेकची वाहिनी एकच न ठेवता दोन स्वतंत्र वाट्यांत विभागली, म्हणजे एकीतून गळती झाली तरी दुसरी निदान काही चाके धरील, त्यांनी आपल्याच कारागिरीवर पूर्ण भरवसा न ठेवण्याचे शहाणपण दाखवले; पाचव्या कारणाला दिलेली ही कबुलीच म्हणायची. पावसाळ्यात हवेतली ओल पिऊन ब्रेक ऑईलचा उत्कलनांक उतरतो. ‘डॉट ३’ प्रतीच्या ताज्या ऑईलचा तो किमान २०५ अंश असतो, तर पाणी मुरल्यावर १४० पर्यंत खाली येऊ शकतो, आणि लांब उतारावर सतत ब्रेक दाबून चाके तापली की तेच ऑईल उकळून स्वतःच वाफ बनते. एवढे जाणून जो दोन वर्षांनी ऑईल बदलतो आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरतो, त्याने मग देवापुढे खुशाल नारळ ठेवावा. त्याच्या गाऱ्हाण्याला मी साक्षीदार राहीन.

अठराव्या अध्यायात लगेच पुढे असेही म्हटले आहे की, जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. हे वचन कामचुकाराच्या तोंडी फार लवकर येते, म्हणून ते चांगल्या कारागिराच्या बाबतीत तपासून पाहावे. काम संपले, पेडल दगडासारखे कठीण झाले, मिस्त्रीने पोराला मिनिटभर सारा भार देऊन ते दाबून धरायला लावले आणि प्रत्येक सांध्याखालून बोट फिरवून ते कोरडे असल्याची खात्री केली. आता उरते निपलची रबरी टोपी. ती बसवली नाही तरी ब्रेक लागतो, पासिंगलाही कोणी अडवीत नाही, गिऱ्हाईक तर कधीच विचारीत नाही. फक्त भोकात मीठ आणि चिखल बसून निपल जाम होतो आणि पुढच्या खेपेला पान्ह्याखाली मोडतो. चांगला मिस्त्री ती टोपी खिशातून काढून, फुंकून, अंगठ्याने दाबून बसवतो. दोन वर्षांनी जो कोणी दुसरा फिटर तेथे पान्हा लावील, त्याच्या हाती निपल सहज सुटेल, आणि आज आपले नशीब बरे आहे असे म्हणून तो पुढच्या चाकाकडे वळेल.