गॅलरीने उचललेलं गाणं

२ सप्टेंबर २०२४ रोजी लखनौच्या के. डी. सिंग बाबू स्टेडियमवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल समोरासमोर आले. सामना १-१ असा सुटला आणि पेनल्टी शूटआउटमध्ये ईस्ट बंगालने बाजी मारली. कोलकात्याची ही डर्बी लखनौला खेळली गेली, तेव्हा मला या दोन शहरांमधली गाण्याची जुनी वाट आठवली. १८५६ साली इंग्रजांनी अवध खालसा केलं. नवाब वाजिद अली शहा कोलकात्याला गेले आणि मटियाबुर्जला राहिले. त्यांच्यामागोमाग गवई, वादक गेले आणि लखनौची ठुमरी बंगालात रुजली. गाणं एकदा माणसांबरोबर चालू लागलं की मग ते कुठल्या गावचं, हा प्रश्न मागे पडतो.

मोहन बागानच्या समर्थकांचं गाणं घ्या. 'आमादेर शूर्जो मेरून' हे गाणं ऐकताना वाटतं, की आजोबांनी बापाला आणि बापाने पोराला शिकवलं असणार. प्रत्यक्षात ते २०११ सालच्या 'एगारो' या बंगाली सिनेमातलं आहे. सिनेमाचा विषय मात्र शंभर वर्षं जुना. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवून आयएफए शील्ड जिंकली. अकरांपैकी दहाजण अनवाणी खेळत होते. आधी गोऱ्यांचा गोल झाला, मग शिवदास भादुडींनी बरोबरी साधली आणि शेवटच्या काही मिनिटांत अभिलाष घोषांनी विजयाचा गोल मारला. मैदानावर इतकी गर्दी लोटली होती, की मागच्यांना गोल कळावेत म्हणून पतंग उडवले गेले, असं सांगतात. त्या दिवसाचा अभिमान शंभर वर्षं लोकांच्या मनात होताच; सिनेमाने त्याला चाल दिली आणि गॅलरीने ती उचलली. म्हणून हे गाणं नवं असूनही परकं वाटलं नाही. एखाद्या गीताला परंपरा म्हणायचं की नाही, हे मी तरी त्याच्या वयावरून ठरवणार नाही.

लिव्हरपूलचं जगप्रसिद्ध 'यू'ल नेव्हर वॉक अलोन' हेही फुटबॉलसाठी लिहिलेलं नाही. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांच्या १९४५ सालच्या 'कॅरोसेल' या अमेरिकन संगीतिकेत नवरा गेलेल्या एका तरुणीला धीर देताना ते येतं. १९६३ साली गेरी अँड द पेसमेकर्स या लिव्हरपूलच्याच बँडने ते गायलं आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं. अ‍ॅनफिल्ड मैदानावर सामन्याआधी त्या वेळची लोकप्रिय गाणी लावत. हे गाणं यादीतून उतरलं, तरी 'कॉप' नावाच्या उभ्या गॅलरीतल्या लोकांनी ते गाणं सोडलं नाही, असं सांगितलं जातं. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. ध्वनिक्षेपक थांबला आणि लोक थांबले नाहीत, तिथे ते गाणं खऱ्या अर्थाने त्यांचं झालं.

पुढे १९८९ साली हिल्सबरोच्या मैदानात चेंगराचेंगरी झाली. लिव्हरपूलचे ९७ समर्थक त्यात दगावले. त्यांतल्या शेवटच्याचा मृत्यू तर कितीतरी वर्षांनी, २०२१ साली झाला. दोष प्रेक्षकांवर ढकलला गेला आणि घरच्यांना न्यायासाठी दशकानुदशकं झगडावं लागलं. त्या शोकसभांमध्ये हेच गाणं होतं. विधवेच्या सांत्वनासाठी लिहिलेले शब्द मैदानात जाऊन विजयगीत झाले आणि पुन्हा सांत्वनाला आले. लिहिणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

आपल्याकडे गणपतीच्या आरतीत ज्याला कडवी येत नाहीत, तोही ध्रुवपदाला आवाज चढवतो. त्याला कुणी थांबवत नाही. गॅलरीतलं गाणं असंच चालतं. सूर चुकला तरी चालतो, पण गप्प बसलेलं चालत नाही.

लखनौत हे लिहिताना भातखंड्यांचं नाव टाळता येत नाही. वाळकेश्वरला जन्मलेल्या विष्णु नारायण भातखंडे यांनी वकिली बाजूला सारून देशभर प्रवास केला, उस्तादांच्या मिनतवाऱ्या करून बंदिशी मिळवल्या, त्या स्वरलिपीत उतरवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'त मराठीतून छापल्या. त्यांच्याच प्रयत्नांतून १९२६ साली लखनौत मॅरिस कॉलेज उभं राहिलं. आज ते त्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. घराण्यांनी जिवापाड जपलेली बंदिश त्यांनी कुणाही विद्यार्थ्याच्या हाती दिली. बंदिश आणि गॅलरीतलं गाणं यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे, हे मान्य. पण गाणं गाणाऱ्याचं असतं, ही श्रद्धा मला दोन्हीकडे दिसते.

उत्तर प्रदेशातला इंटर काशी हा वाराणसीचा क्लब २०२३ साली निघाला आणि पाहता पाहता वर आला. उद्या लखनौचाही असा मोठा क्लब निघाला, तर चालकांनी पहिल्याच हंगामात पैसे मोजून गीत करवून घेऊ नये, असं मला कळकळीने वाटतं. ज्या शहरात ठुमरी, कव्वाली आणि मोहरमची सोजख्वानी एकाच वस्तीत ऐकू येते, तिथे लोकांना चाल पुरवावी लागत नाही. त्यांना स्वस्त तिकीट द्यावं, एकत्र उभं राहायला जागा द्यावी आणि दोन-चार पराभव सोबत सोसू द्यावेत.